आयुक्तांच्या पगारावर सभागृहाचा हात कुठपर्यंत पोहोचतो?

मिरजेतून पहिल्यांदाच महापालिकेवर निवडून आलेल्या एका नगरसेविकेने विचारले आहे : "आयुक्त, उपायुक्त, शहर अभियंता अशा वरच्या अधिकाऱ्यांच्या पगाराला महासभेत ठराव करून कमाल मर्यादा घालता येते का? माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. तिकडे म्हणे वरिष्ठांच्या पगाराचे धोरण दरवर्षी सभागृहापुढे येते आणि मंजूर झाल्यावरच लागू होते. आपल्याकडे तसे का नाही? लोक विचारतात, साहेबांना किती मिळतात, आणि आमच्याकडे उत्तर नसते."

ताई, आधी सरळ उत्तर देतो. आयुक्तांच्या पगाराला महासभा मर्यादा घालू शकत नाही. शासनाकडून प्रतिनियुक्तीवर येणाऱ्या उपायुक्तांच्या किंवा लेखाधिकाऱ्यांच्या पगारालाही नाही. महापालिकेच्या स्वतःच्या आस्थापनेवरचे जे वरिष्ठ आहेत, त्यांच्या बाबतीत सभागृहाला थोडा अधिकार आहे, पण तिथेही कमाल रेषा शासनानेच आखलेली आहे. तरीही तुमच्या हातात बरेच काही आहे. माझी सगळी नोकरी लेखापरीक्षेत गेली. सांगली, सातारा, कोल्हापूर भागातल्या नगरपालिका, पंचायत समित्या आणि नंतर महापालिका यांची दप्तरे तपासण्यात. तिथे जे पाहिले त्यावरून सांगतो, वरिष्ठांवरचा खर्च हाताबाहेर जातो तो मूळ पगारामुळे फार क्वचित. तो जातो पगाराच्या आजूबाजूच्या गोष्टींमुळे, आणि त्यांच्यावर सभागृहाने नजर ठेवायला कायद्याची कसलीही आडकाठी नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका ९ फेब्रुवारी १९९८ रोजी अस्तित्वात आली. ती चालते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली, म्हणजे पूर्वी ज्याला मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ म्हणत तो. त्याच्या कलम ३६ नुसार आयुक्त राज्य शासन नेमते आणि कलम ३७ नुसार त्यांचे वेतन-भत्तेही शासनच ठरवते, पैसे मात्र महापालिका निधीतून जातात. सभागृहाला आयुक्त नकोच असतील तर एकूण सदस्यसंख्येच्या किमान पाच अष्टमांश मतांनी त्यांना परत पाठवण्याचा ठराव करता येतो. आपल्याकडे ७८ सदस्य आहेत, म्हणजे ४९ हात वर व्हावे लागतात. यात मधली वाट नाही. माणूस ठेवून पगार कमी करणे कायद्याला मान्य नाही. तसा ठराव केलात तर कलम ४५१ खाली शासन तो निलंबित करेल आणि तुमची एक सभा वाया जाईल. नगरपालिकांचीही स्थिती अशीच आहे. तिथे १९६५ चा कायदा आहे आणि कलम ३०८ खाली हाच अधिकार जिल्हाधिकारी वापरतात. जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा पगार तर सदस्यांच्या चर्चेचा विषयच होत नाही.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे पगार खुर्चीचा नसतो, तो अधिकाऱ्याचा असतो. सांगलीच्या आयुक्तांच्या खुर्चीत कधी भारतीय प्रशासन सेवेतला तरुण अधिकारी येतो, कधी मुख्याधिकारी संवर्गातून पंचवीस वर्षांनी वर आलेला माणूस येतो. काम तेच, सही तीच, पण वेतनस्तर वेगळा आणि त्या स्तरातला टप्पाही वेगळा. सातव्या वेतन आयोगाच्या राज्याच्या तक्त्यात एस-२० हा स्तर ५६,१०० रुपयांपासून सुरू होतो, एस-२३ हा ६७,७०० पासून आणि एस-२५ हा ७८,८०० पासून. दरवर्षी तीन टक्क्यांची वेतनवाढ मिळत अधिकारी त्याच स्तरात पुढे सरकतो. म्हणून "आयुक्तपदाचा पगार किती?" असे विचारले तर कार्यालयातला कोणीही तुम्हाला एक आकडा सांगणार नाही, आणि तो टाळाटाळ करतोय असेही समजू नका. "सध्याच्या आयुक्तांचा मूळ पगार किती, कोणत्या स्तरात, आणि त्यावर भत्ते किती?" असे विचारा, उत्तर मिळेल.

भत्त्यांत शहराचाही वाटा असतो. घरभाड्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग आहेत. २०११ च्या जनगणनेत पाच लाखांचा आकडा ओलांडल्यामुळे सांगली वाय वर्गात आहे, सातारा झेडमध्ये. सातव्या आयोगात मूळ दर वायला १६ टक्के आणि झेडला ८ टक्के ठरले, महागाई भत्त्याबरोबर ते पुढे वाढतात. म्हणजे एकाच मूळ पगाराचा अधिकारी साताऱ्याहून सांगलीला बदलून आला तर त्याच्या पगारपत्रकात हा भत्ता दुप्पट दिसतो. शासकीय निवासस्थान दिले असेल तर घरभाडे भत्ता मिळत नाही. हे साधे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

आता तुमच्या अधिकाराच्या भागाकडे येऊ. महापालिकेच्या स्वतःच्या आस्थापनेवरच्या अधिकाऱ्यांची पदे, त्यांचे दर्जे आणि वेतन यांचे विवरण आयुक्त तयार करतात आणि स्थायी समिती ते जसेच्या तसे किंवा बदल करून मंजूर करते. ही कलम ५१ ची व्यवस्था. नवीन पद निर्माण करायला शासनाची मंजुरी लागते. आपण ज्याला आकृतिबंध म्हणतो, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, तो नगरविकास विभागाकडून मंजूर होऊन येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये महापालिका-नगरपालिकांना सातवा वेतन आयोग लागू करताना शासनाने अट घातली की राज्य शासनातल्या समकक्ष पदापेक्षा जास्त वेतनश्रेणी द्यायची नाही. ही अट घालावी लागली, कारण त्याआधी अनेक ठिकाणी स्थानिक ठरावांनी वरच्या श्रेण्या देऊन ठेवल्या होत्या.

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष द्यावे असे ठिकाण हेच. महापालिकेतले अमुक पद शासनातल्या कोणत्या पदाच्या बरोबरीचे, हे कोणी ठरवायचे? शहर अभियंता हा कार्यकारी अभियंत्याच्या बरोबरीचा की अधीक्षक अभियंत्याच्या? एखादा विभागप्रमुख गट अ चा की गट ब चा? कागदावर हा एका ओळीचा निर्णय असतो. त्याची किंमत पाहा. एस-२० ऐवजी एस-२३ दिला तर सुरुवातीच्या टप्प्यातच ११,६०० रुपयांचा फरक पडतो. त्यावर महागाई भत्ता ५० टक्के धरा, १७,४०० झाले. वर्षाला दोन लाख आठ हजार आठशे. दहा वर्षांत वीस लाखांच्या पुढे, आणि हे वेतनवाढ, घरभाडे, रजेचे रोखीकरण, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि मरेपर्यंतचे निवृत्तिवेतन न धरता. एका पदाचे हे झाले. अशी पाच-सहा पदे असली तर एखाद्या प्रभागाचा रस्त्यांचा निधी त्यात जातो.

एका नगरपालिकेत मी पाहिलेले प्रकरण सांगतो, नाव घेत नाही. तिथे एका विभागप्रमुखाचे पदनाम बदलण्याचा ठराव झाला. विषयपत्रिकेत तो बऱ्याच खाली होता, टिपणीत वेतनाचा शब्दही नव्हता, आणि सदस्यांनी एकमताने मंजूर केला. पदनामाला कोण विरोध करणार? पुढच्या वेतननिश्चितीत नव्या पदनामाच्या आधारे वरची श्रेणी लागली. कित्येक वर्षांनी त्यांचे निवृत्तिवेतनाचे प्रकरण तपासणीला आले तेव्हा सेवापुस्तकात शासनमंजुरीचा क्रमांकच सापडेना. आक्षेप निघाला, वसुलीची रक्कम काढली, ते गृहस्थ कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे, मी मागितले नव्हते, तुम्ही दिले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे मला तेव्हाही वाटले नाही. ज्यांनी टिपणी लिहिली आणि ज्यांनी न वाचता हात वर केले, त्यांच्याकडून एक रुपयाही वसूल होणार नव्हता.

वसुलीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण "जास्त गेले तर परत घेऊ" या भरवशावर अनेक जण निवांत असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या निकालात चुकून दिलेल्या जादा पगाराची वसुली कोणाकडून करता येणार नाही ते सांगितले : गट क आणि गट ड चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून जास्त काळ चुकीची रक्कम मिळत राहिलेले. सफाई कामगाराला आणि शिपायाला यामुळे मोठे संरक्षण मिळाले आणि ते योग्यच झाले. पण २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात न्यायालयाने पुढचे सांगितले. वेतननिश्चितीच्या वेळी "जास्त दिले गेल्यास परत करीन" असे वचनपत्र लिहून दिलेला अधिकारी त्याला बांधील राहतो. म्हणून वरिष्ठांच्या सेवापुस्तकात ते वचनपत्र लावलेले आहे की नाही, याला पैशांत मोजता येईल एवढे महत्त्व आहे. मी तपासायला गेलो की आधी ते पान उघडायचो. तुम्हाला सेवापुस्तके पाहता येणार नाहीत, पण "गट अ आणि गट ब च्या किती अधिकाऱ्यांची वेतननिश्चिती पडताळून झाली, किती बाकी, आणि किती जणांची वचनपत्रे नोंदीला आहेत?" हे लेखी विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पडताळणी निवृत्तीच्या तोंडावर ढकलली की चूक दुरुस्त होत नाही, नुसते भांडण उरते.

आता पगाराबाहेरच्या खर्चाकडे या. अंदाजपत्रकात आस्थापना खर्चाच्या शीर्षाखाली जे दिसते तेवढेच वरिष्ठांवर खर्च होते असे समजू नका. वाहन, चालक आणि इंधन वाहन विभागाच्या खात्यात पडतात. बंगल्याची रंगरंगोटी, फरशी, कुंपण बांधकाम विभागाच्या दुरुस्तीत जाते. निवासस्थानी काम करणारे दोन-तीन माणसे उद्यान विभागाच्या किंवा ठेकेदाराच्या हजेरीपत्रकावर असतात. बंगला ताब्यात असताना घरभाडे भत्ताही चालू राहिल्याची प्रकरणे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिली आहेत. बरेचदा त्यात लबाडीपेक्षा गलथानपणा जास्त असतो. जुना अधिकारी गेला, नवा आला, ताबापावती आस्थापना विभागापर्यंत पोहोचलीच नाही. पण पैसे गेले ते गेलेच. यातले एकही वेगवेगळे पाहून उमगत नाही, एकत्र मांडले की लगेच उमगते.

प्रतिनियुक्तीवरच्या अधिकाऱ्यांपोटी महापालिकेने शासनाला निवृत्तिवेतन अंशदान आणि रजा वेतन अंशदान, म्हणजे त्यांच्या निवृत्तिवेतनातला आणि रजेच्या पगारातला आपला वाटा, भरायचे असते. अधिकारी तीन वर्षांत बदलून जातो, भरणा राहतो, आणि पुढे कधीतरी व्याजासह मागणी येते. ही रक्कम त्या अधिकाऱ्याच्या पगारपत्रकात कुठेच दिसत नाही. मुख्य लेखापरीक्षकांकडून थकीत अंशदानाची यादी मागवून घ्या. ती न मिळणे हेसुद्धा एक उत्तर आहे.

आणि रिक्त पदे. एका अधिकाऱ्याकडे स्वतःचे पद, शेजारच्या विभागाचा अतिरिक्त कार्यभार आणि एखाद्या योजनेचे नोडलपद. यात पैसे वाचल्यासारखे वाटतात. पण ज्या शहराने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर अंगावर घेतले, तिथे नाले, पंपिंग आणि बांधकाम परवानग्या यांना स्वतंत्र, पूर्णवेळ, जबाबदार माणूस नसणे किती महाग पडते ते सांगलीकरांना मी वेगळे सांगायला नको. मग ही पोकळी भरायला निवृत्त अधिकारी मानधनावर येतात, सल्लागार संस्था येतात. त्यांचे मानधन आस्थापनेत धरले जात नाही आणि वेतन आयोगाच्या कोणत्याच तक्त्यात बसत नाही. वरिष्ठांच्या पगाराचे नियमन करायचे म्हणता ना, तर ज्यांच्यावर आज नियम सगळ्यात सैल आहेत ते हे लोक. कोणत्या ठरावाने घेतले, किती महिन्यांसाठी, काम काय ठरले आणि मुदत संपल्यावर मुदतवाढ कोणी दिली, एवढे चार प्रश्न प्रत्येक मानधनाच्या प्रस्तावाला विचारले पाहिजेत.

सभागृहच नसते तेव्हा हे कोण विचारणार? सांगलीत आधीच्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली आणि निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. त्या व्यवस्थेत प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असतो. राज्यभर असे झाले, आणि मी कोणा एका अधिकाऱ्याबद्दल बोलत नाही. पण त्या काळातले पदनिर्मिती, पदनामबदल, समकक्षता आणि मानधन यांचे प्रशासकीय ठराव काढून एकदा शांतपणे वाचणे हे नव्या सभागृहाचे काम आहे. वाचा म्हणजे संशय घ्या असे नाही. बहुतेक ठराव बरोबरच निघतील.

भाच्याने सांगितलेल्या इंग्लंडच्या पद्धतीबद्दल. तो बरोबर सांगतो. तिथल्या २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या प्रत्येक कौन्सिलला दरवर्षी पगारधोरणाचे निवेदन काढणे बंधनकारक केले. २०१२-१३ पासून ते सुरू झाले. पूर्ण सभागृहाने ते मंजूर करावे लागते. त्यात वरिष्ठ अधिकाऱ्यांना काय मिळते, सगळ्यात कमी पगाराच्या कर्मचाऱ्यांना काय मिळते आणि या दोहोंचे नाते काय, हे लिहावे लागते. तिथे याची गरज होती, कारण तिथे मुख्य कार्यकारी अधिकारी कौन्सिल स्वतः नेमते आणि पगारही स्वतः ठरवते. आपल्याकडे ते दोन्ही मुंबईत ठरते. त्यामुळे ती पद्धत उचलून इथे आणली तर मंजुरीचा भाग निरर्थक होईल. जाहीर निवेदनाचा भाग मात्र जसाच्या तसा घेता येईल.

कमाल आकडा ठरवण्याच्या मोहाबद्दलही तिकडचा अनुभव ऐकण्यासारखा आहे. २०११ मध्येच विल हटन यांच्या समितीने सार्वजनिक सेवेत वरचा पगार खालच्या पगाराच्या वीसपटीपर्यंतच असावा का याचा विचार केला आणि अशी सरसकट मर्यादा नको, प्रमाण जाहीर करा, असे सांगितले. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्या सरकारने नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेवर ९५ हजार पौंडांची मर्यादा घातली. त्या रकमेत मुदतपूर्व निवृत्तिवेतनाचा भारही धरल्यामुळे वरच्या साहेबांबरोबर वर्षानुवर्षे नोकरी केलेले मध्यम पगाराचे लोकही तिच्यात सापडले, आणि तीनच महिन्यांत, फेब्रुवारी २०२१ मध्ये ती मागे घ्यावी लागली. एक आकडा ठरवणे सोपे असते, तो कोणाकोणाला लागेल हे आधी मोजावे लागते.

उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतले. कॅलिफोर्नियात बेल नावाचे शहर आहे, लोकसंख्येने जवळपास आपल्या आष्ट्याएवढे. २०१० मध्ये वृत्तपत्राने उघडकीला आणले की तिथला शहर व्यवस्थापक रॉबर्ट रिझो वर्षाला सुमारे ७ लाख ८७ हजार डॉलर पगार घेतो. गरीब कामगारांची वस्ती, आणि पगार देशाच्या राष्ट्राध्यक्षांपेक्षा कितीतरी जास्त. हे झाले कसे? २००५ मध्ये शहराने एक विशेष मतदान घेऊन सदस्यांच्या पगारावरच्या राज्याच्या मर्यादेतून स्वतःला मोकळे करून घेतले होते आणि त्या मतदानाला चारशे माणसेही आली नव्हती. रिझोला २०१४ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. प्रकरण उघडकीला आल्यावर २०१० मध्येच राज्याच्या नियंत्रकांनी सगळ्या स्थानिक संस्थांचे पगार सर्वांना पाहता येतील असे एकत्र जाहीर करायला सुरुवात केली होती. ताई, आपल्याकडे बेल घडणार नाही, कारण आपला वेतन तक्ता राज्याचा आहे. पगार ठरवण्याचा अधिकार सभागृहाकडे नाही याचे वाईट वाटते तेव्हा ही दुसरी बाजूही पाहावी. कमी लोकांनी, कोणाचे लक्ष नसताना घेतलेला निर्णय हे तिथलेही मूळ होते आणि वर सांगितलेल्या पदनामाच्या ठरावाचेही.

प्रमाण जाहीर करण्याची कल्पना मला मनापासून पटते, पण आपल्याकडे ते काढताना एक काळजी घ्यायला हवी. राज्याच्या तक्त्यात सगळ्यात खालचा एस-१ स्तर १५,००० रुपयांपासून सुरू होतो. एस-२५ च्या ७८,८०० शी तुलना केली तर प्रमाण सव्वापाच पट येते. जगाच्या मानाने हे फारच समंजस प्रमाण आहे, आणि ते छापून महापालिका मिरवूही शकेल. पण पहाटे गटारात उतरणारा, कचऱ्याच्या गाडीमागे धावणारा माणूस आज बऱ्याच ठिकाणी त्या तक्त्यातच नाही. तो ठेकेदाराचा आहे. त्याला किमान वेतन पूर्ण मिळते का, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, पगार बँकेत जमा होऊन पुन्हा त्याच्याकडून रोख परत घेतला जातो का, हे विचारल्याशिवाय काढलेले प्रमाण खोटे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये जगजित सिंग प्रकरणात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतनाचे तत्त्व लागू केले. वरचे पगार खाली ओढण्यात जो जोर लावायचा आहे तो खालचा माणूस तक्त्यात आणण्यासाठी लावा, असे मी म्हणेन.

कारण वरचे पगार कमी करून शहराचे भले होईल असे मला वाटत नाही. मिरजेत राहणाऱ्या माणसाला हे लगेच पटेल. जिथे गल्लोगल्ली रुग्णालये आहेत, वैद्यकीय महाविद्यालय आहे, परराज्यातून रुग्ण येतात, तिथला चांगला डॉक्टर महापालिकेत आरोग्य अधिकारी म्हणून कशाला येईल? खासगी व्यवसाय न करण्याबद्दल मिळणारा व्यवसायरोध भत्ता धरूनही त्याचे गणित जुळत नाही. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडणारी मुले पुण्या-बंगळुरूला जातात, महापालिकेच्या जाहिरातीकडे बघतही नाहीत. चांगला शहर अभियंता, चांगला लेखाधिकारी यांना नियमात बसेल तेवढे पूर्ण आणि वेळेवर मिळाले पाहिजे. पडताळणी लवकर झाली, पदोन्नती न मिळालेल्यांना वरची श्रेणी देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेचा लाभ दहा, वीस, तीस वर्षांच्या टप्प्यावर ज्या त्या वेळी दिला, तर मागच्या दाराने वरची श्रेणी मिळवायची गरजही कमी होते. ज्यांचे हक्काचे रखडवले त्यांनी दुसरीकडून भरून घेतल्याची प्रकरणे माझ्या फाइलींत कमी नव्हती.

आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्त्यांवरचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, या शासनाच्या अटीबद्दल तुम्हाला सभेत वारंवार ऐकायला मिळेल. भरती का होत नाही, तर आस्थापना खर्च जास्त. हा आकडा ऐकला की भागाकारात वर काय आणि खाली काय धरले ते विचारा. खाली उत्पन्न आहे. जकात गेली, स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, आणि जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराची भरपाई शासनाकडून येते, २०१६-१७ च्या पायावर दरवर्षी आठ टक्के वाढ धरून. स्वतःची वसुली वाढली नाही तर टक्केवारी सुधारणार कशी? आणि वर, ठेक्याची माणसे आस्थापनेत धरलेली नसतात, सल्लागारांचे मानधन नसते, बंगल्याची दुरुस्ती नसते. त्यामुळे कायम सफाई कामगाराचे पद भरायला टक्केवारी आडवी येते आणि मानधनावरच्या सल्लागाराला येत नाही. हे मला आजही खटकते. साताऱ्यासारख्या अ वर्ग नगरपालिकेत हाच प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण तिथल्या पगाराचा मोठा भार शासनाच्या सहाय्यक अनुदानावर असतो. २०२० मध्ये शहराची हद्द वाढली, आणि हद्द वाढली की कामही वाढते. आकृतिबंधाला त्यामागून धावावे लागते.

मग करायचे काय? माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ उपकलम १ ख मधला दहावा मुद्दा प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला आपल्या प्रत्येक अधिकाऱ्याचे आणि कर्मचाऱ्याचे मासिक वेतन स्वतःहून जाहीर करायला सांगतो. अर्जाची गरज नाही, कोणाच्या परवानगीची गरज नाही. बहुतेक ठिकाणी हे पान असते, पण त्यात जुनी नावे असतात, किंवा नुसती वेतनश्रेणी असते, प्रत्यक्ष रक्कम नसते. तुमचा पहिला ठराव असा असू द्या : हे पान दर सहा महिन्यांनी अद्ययावत करावे, आणि गट अ च्या प्रत्येक पदासाठी मूळ वेतन, भत्ते, अंशदान, वाहन, निवासस्थान आणि त्यावरची दुरुस्ती धरून वर्षाचा एकूण खर्च एका तक्त्यात द्यावा. सल्लागार आणि मानधनावरचे निवृत्त अधिकारी त्याच तक्त्यात असावेत, आणि तक्त्याच्या शेवटच्या ओळीत ठेक्यावरच्या सफाई कामगाराच्या हातात पडणारी रक्कम. हा ठराव शासनाला निलंबित करावासा वाटेल असे त्यात काहीच नाही. वेतन ठरवण्याच्या अधिकाराला तो हातच लावत नाही.

तक्ता येईल तो पहिल्या वेळी अर्धवट येईल. लेखा विभाग म्हणेल वाहनाचा खर्च पदनिहाय काढता येत नाही. येतो, गाडीचे लॉगबुक असते. बांधकाम विभाग म्हणेल बंगल्याची दुरुस्ती स्वतंत्र ठेवलेली नाही. मोजमाप पुस्तकात प्रत्येक कामाचे ठिकाण लिहिलेले असते, तिथून काढायला सांगा. अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे फेब्रुवारीत येते, म्हणून मागणीचे पत्र नोव्हेंबरातच आयुक्तांकडे आणि प्रत मुख्य लेखापरीक्षकांकडे द्या, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका.